ढिल्या साखळीचं माप

दसरा आठ-दहा दिवसांवर आला की आमच्या वर्धा जिल्ह्याच्या हवेत सोयाबीनचा भुसा तरंगायला लागतो. रस्त्याच्या कडेनं थ्रेशर धडधडत असतात, पावसानं धुऊन काढलेली झाडं पुन्हा मातकट होतात, दुपारचं ऊन चटका देतं आणि पहाटे मात्र पायाशी घडी करून ठेवलेली चादर ओढून घ्यावी लागते. ज्याला त्याला खोकला. मी एका दवाखान्यात एक्स-रे काढते, त्यामुळे हा खोकला शेवटी चिठ्ठी होऊन माझ्याच टेबलावर येतो. इतरांना ऋतू झाडांवरून कळतात, मला चिठ्ठ्यांवरून. उन्हाळ्यात झाडावरून पडलेल्यांची मनगटं, पावसाळ्यात चिखलात घसरलेल्यांचे खुबे, आणि आता हे: छाती, पोर्टेबल, तातडीनं.

पोर्टेबल म्हणजे रुग्णाला माझ्याकडे आणता येत नाही, मीच मशीन घेऊन त्याच्याकडे जायचं. या मशीनला मी म्हैस म्हणते. चाकं आहेत, मोटर आहे, पण वळायचं म्हटलं की हिची मर्जी सांभाळावी लागते, आणि दारात आली की अडून बसते. काल यंदाची पहिली चिठ्ठी आली. म्हैस बाहेर काढली, लिफ्टसमोर उभी राहिले, आणि मला काही वर्षांपूर्वीचा असाच एक आश्विन आठवला. तेव्हा स्वाइन फ्लूची साथ होती. लोकांनी मास्क कपाटातून पुन्हा बाहेर काढले होते. आणि त्या आश्विनात मला थूलकाका भेटले होते.

त्यांच्याबद्दल सांगण्याआधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. लोकांना वाटतं एक्स-रे आजार दाखवतो. तो बिचारा एवढंच सांगतो, की किरण कुठून सहज पार गेले आणि कुठे अडले. हवेतून पार जातात, तिथे काळं उमटतं. हाडापाशी अडतात, तिथे पांढरं. निरोगी छातीच्या चित्रात दोन्ही फुप्फुसं काळीभोर दिसतात, कारण ती हवेनं भरलेली असतात. न्यूमोनिया झाला की हवेच्या जागेत पाणी साचतं, आणि काळ्यावर पांढरं चढत जातं. म्हणजे आपण डोळे फाडून पाहतो ते आजाराचं चित्र नसतंच, हवेच्या गैरहजेरीचं असतं. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी हे मला एकदम उमगलं आणि त्या संध्याकाळी विचारात भाजी जळाली. घरच्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

साधा न्यूमोनिया बऱ्याचदा छातीचा एखादा कोपरा धरून बसतो. व्हायरसचा वाढला की तसा एका जागी राहत नाही, दोन्हीकडे पसरतो, ठिकठिकाणी धूसर डाग पाडतो. सीटी स्कॅनवर हे फार नीट दिसतं. डॉक्टर त्याला ग्राउंड ग्लास म्हणतात, म्हणजे घासून धुरकट केलेली काच. मला त्या ठिकाणी हमखास हिंगणीहून वर्ध्याला येणारी सकाळची बस आठवते. माझं माहेर हिंगणीचं. कॉलेजला असताना थंडीत मी खिडकीला नाक लावून बसायची आणि श्वासानं काच पांढरी व्हायची. बोर धरणाकडची झाडं त्यातून दिसायची, पण पानं दिसायची नाहीत. डॉक्टरांची व्याख्याही जवळजवळ हीच आहे. धुरकट झालेल्या भागातून आतल्या रक्तवाहिन्या अजून दिसतात तोवर ती काच, त्याही दिसेनाशा झाल्या की मग ते घट्ट पांढरं. त्या वयात मी त्या काचेवर बोटानं नाव लिहायची. कोणाचं, ते जाऊ द्या.

चित्र फसवतंही. एकदा एका बाईच्या छातीत वरच्या टोकाला ठसठशीत पांढरा पट्टा आला. नव्या डॉक्टरनं त्याभोवती गोल काढला, क्षयाच्या तपासण्या लिहायला घेतल्या. मी जाऊन बाईंची तेल लावलेली ओली वेणी खांद्यावरून उचलली, डोक्यावर बांधली, पुन्हा चित्र काढलं. पट्टा गेला. डॉक्टर लाजला, बाई हसली. गळ्यातली पोत काढायला आमच्याकडच्या बायका सहसा तयार नसतात, म्हणून मी ती वर ओढून हनुवटीवर चिकटपट्टीनं बसवते. अशा शंभर खोडी मला पाठ आहेत. चित्र कसं वाचायचं हे मला कळतं, असा माझा समज होता आणि त्या समजाचा थोडा ताठाही होता.

थूलकाका अल्लीपूरचे. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, म्हणजे लोखंडी साखळी अंथरून शेतांच्या हद्दी मोजणारे. निवृत्त होऊन आठेक वर्षं झाली होती, तरी गावात त्यांना अजून मोजणीवाले साहेबच म्हणत. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, दरवर्षीप्रमाणे नागपूरला जाऊन आले आणि तीन दिवसांनी तापानं पडले. दवाखान्यात आले तेव्हा चालत आले. मी त्यांना एक्स-रेच्या खोलीत उभं केलं, छाती प्लेटला टेकवली, खांदे पुढे घेतले. अंगात ताप, ओठ कोरडे, आणि माणूस मान वळवून विचारतो, "ताई, हे चित्र एकास एक निंगते, का लहान?"

इतक्या वर्षांत कोणी मला हे विचारलं नव्हतं. लोक विचारतात, दुखेल का, काही निघालं का, फोटो मोबाईलवर येईल का. मी म्हटलं, "थोडकं मोठं निंगते काका. सावली वस्तूपेक्षा मोठीच पडते." ते समाधानानं हं म्हणाले आणि दीर्घ श्वास घेऊन स्थिर उभे राहिले. तिथेच आमची गट्टी जमली.

चौथ्या दिवशी त्यांच्या नावाची पोर्टेबलची चिठ्ठी आली. म्हैस घेऊन वर गेले. काका आता खाटेवर आडवे होते, नाकात जाड नळी, तिच्यातून गरम ओला ऑक्सिजन जोरात येत होता. दोन शब्दांमध्ये त्यांना थांबावं लागत होतं. डॉक्टरांनी त्यांना दिवसातून काही तास पालथं झोपायला सांगितलं होतं. पालथं झोपलं की फुप्फुसांच्या मागच्या बाजूला हवा पोहोचते आणि पुष्कळदा तेवढ्यानं घशात नळी घालायची वेळ टळते. ते कुरकुर न करता करत होते. मी पाठीखाली प्लेट सरकवली, चित्र काढलं. ते मशीनच्या पडद्यावर उमटलं तसे काका म्हणाले, "दाखवा की."

आमचा नियम साधा आहे. टेक्निशियननं चित्र काढायचं. वाचायचं नाही, आणि रुग्णाला सांगायचं तर मुळीच नाही. मी हा नियम कित्येक वर्षं पाळला होता आणि इतरांना सुनावलाही होता. पण या माणसाला नुसती भीती नव्हती, कुतूहल होतं, आणि माझ्यासारखाच प्रश्न पडणारा माणूस भेटला की मला फार बरं वाटतं. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण खाटेशी लटकवलेल्या खाकी पाकिटात त्यांची पहिल्या दिवशीची फिल्म होती. मी ती काढून खिडकीच्या उजेडात धरली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला पडदा. काकांची नजर इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरली. जन्मभर नकाशे पाहिलेली नजर ती. मला वाटलं, वा, काय सुंदर पाहतात. त्यांनी काही विचारलं नाही. हात जोडले. मी खूश होऊन खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मुलगी करुणा माझ्या खोलीच्या दारात उभी. हिंगणघाटकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे. आवाज खाली, पण चेहऱ्यावर रात्रभर न झोपल्याचं दिसत होतं. "जयभीम ताई. तुम्ही बाबाले काही दाखवलं का?"

मी जयभीम म्हटलं. पुढे तीच बोलली. "कालपासून पालथे होत नाईत. सिस्टरले म्हणे, पाणी वर चढलं, आता काऊन त्रास देता. जेवलेच नाई. मले म्हणे, बँकेचं पासबुक कपाटात हाये. ताई, डॉक्टर म्हणून राह्यले का असंच राह्यलं तर गळ्यात नळी टाका लागन. काल सकाळलोक तर चांगले होते."

तिला म्हणता आलं असतं, की नाही बाई, मला काही माहीत नाही. तो शब्द ओठांवर आलाही होता. "दाखवलं," मी म्हटलं. "दोन्ही फोटो दाखवले. माही चूक हाये." तिनं रागावावं असं मला वाटत होतं. ती रागावली नाही. "मंग आता तुम्हीच पाहा," एवढं म्हणाली आणि वर निघून गेली. त्यापेक्षा तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम, म्हणजे ही चित्रं वाचून अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टर, मूळच्या इकडच्या नव्हेत. बोलणं कमी, चहा जास्त. मी त्यांच्यासमोर उभी राहून सगळं सांगून टाकलं. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली आणि म्हणाल्या, "मागच्या बरगड्या मोज. फुप्फुसाच्या तळापर्यंत."

पहिल्या चित्रात दहा. दुसऱ्यात सात.

"म्हणजे?"

"श्वास," मी म्हटलं. पहिल्या दिवशी काका उभे होते, छाती भरून श्वास घेतला होता. काल ते आडवे होते, दम पुरत नव्हता, फुप्फुसं पूर्ण उघडलीच नव्हती. अर्ध्या श्वासात काढलेलं चित्र नेहमीच जास्त पांढरं येतं. फुप्फुस आक्रसलेलं असतं, आहे तेवढंच पाणी दाट दिसतं. आडव्या माणसाचं हृदयही मोठं दिसतं. हे मी नव्या मुलींना शिकवते. वेणी मला दिसली होती आणि हे दिसलं नव्हतं, कारण त्या क्षणी मी चित्र पाहतच नव्हते, माझं चित्र कोणीतरी पाहतंय हे पाहत होते.

"मी अहवालात फारसा फरक नाही असं लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "चित्रं दोन्ही खरी आहेत. तू जोडी खोटी लावलीस. आता जा वर. दाखवलंस तू, सांगायचंही तूच."

काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. डब्यातला वरणभात तसाच. मी स्टूल ओढून बसले. "काका, मी चुकली. ते दोन फोटो संग पाहाचेच नव्हते." मग मी बरगड्या सांगितल्या, श्वास सांगितला, उभं आणि आडवं सांगितलं. माझ्या मते फार छान समजावलं. त्यांनी चादर खांद्यावर ओढून घेतली. माणसानं एकदा ठरवलं, की समजावणं त्याला सांत्वनासारखंच ऐकू येतं, आणि सांत्वन कोण खरं मानतं. सिस्टर दारातून खुणेनं विचारत होती, काय झालं. मी मान हलवली.

मला भीती वाटत होती. पण खरं सांगायचं तर, भीतीच्या मागे तो कुतूहलाचा जुना किडा वळवळतच होता. म्हणून मी समजावणं सोडलं आणि मला जे खरोखर जाणून घ्यायचं होतं ते विचारलं. "काका, एकाच शेताच्या दोन मोजण्या जुळल्या नाई तर तुम्ही काय करत होते?"

धंद्यातला प्रश्न अनुत्तरित ठेवणं त्यांना जमलं नसावं. भिंतीकडे पाहतच ते थांबत थांबत म्हणाले, "पह्यले पाह्यतो... साखळी कोणी धरली."

"काऊन?"

"ढिली धरली... तर शेत वाढते."

"शेत कसं वाढन?"

"कागदावर." ते दम घ्यायला थांबले. "ढिली साखळी... कमी जमीन झाकते. मंग साखळ्या जास्त भरते. जमीन तेवढीच. कागदावर जास्त."

आता काही समजावायची गरज नव्हती, हे मला त्यांच्या पाठीवरूनच दिसलं. ती हलली. त्यांनी हळूहळू तोंड माझ्याकडे वळवलं, नळी सावरली. "म्हंजे माह्या दुसऱ्या नापीत... साखळी ढिली होती?"

"ढिली होती. तुम्ही अर्धाच श्वास घेतला होता. आन् मी तसाच फोटो काढला."

"मंग पुन्हा नापा."

"डॉक्टरनं लेहून देल्याशिवाय नाई काढता येत काका."

त्यांच्या डोळ्यांच्या कडा जराशा हलल्या. "आता नियमानं... काम करून राह्यल्या म्हणा."

हा टोमणा मला अजून जपून ठेवावासा वाटतो. त्या दुपारी त्यांनी सिस्टरला हाक मारून पालथं करून घेतलं.

दोन दिवसांनी चिठ्ठी आली. या वेळी मी घाई केली नाही. खाटेचं डोकं वर केलं, पाठीमागे प्लेट लावली, उशा दिल्या. काकांनी आधी दोनदा सराव केला. मी त्यांच्या छातीकडे पाहत उभी राहिले आणि ती पुरती भरली त्या क्षणी बटण दाबलं. मला त्यांना चांगलं काहीतरी दाखवायचं होतं. वाटेत मी मनातल्या मनात काय बोलायचं तेही ठरवलं होतं. पडद्यावर चित्र आलं. बरगड्या नऊ. आणि पांढरं जवळपास तेवढंच.

करुणा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. आता या क्षणी थोडं खोटं बोललं तर कोणाचं काय बिघडणार होतं, असं मला वाटून गेलं. पण त्यांना आधी चुकीचं दाखवणारी मीच, आणि आता चुकीचं सांगणारीही मीच झाले असते. मॅडमची परवानगी या वेळी घेऊन आले होते. पडदा वळवला. "काका, साखळी ताणून धरली होती. पण फरक फारसा नाई."

त्यांनी खूप वेळ पाहिलं. करुणानं खाटेची कड धरली. मग ते उशाशी उभ्या सिस्टरला म्हणाले, "ऑक्सिजन किती हाये आता?"

"परवा साठ टक्के द्यावा लागत होता. आज पंचेचाळीसवर आणला, काका. तरी बोटावरचा आकडा चांगला येऊन राह्यला."

"मंग जमीन समोर गेली," काका म्हणाले. "नकाशा मांगून येईन. आमच्या दफ्तरात बी... नदी सरकून वीस वर्सं होते, नकाशात तिथंच वाह्यते." आणि करुणाकडे वळून, "डबा खोल."

फुप्फुसं सुधारायला लागली तरी चित्र मागे राहतं, कधी कधी कित्येक आठवडे मागे, हे मी पुस्तकात वाचलं होतं, मॅडमच्या तोंडून ऐकलं होतं, परीक्षेतही लिहिलं होतं. समजलं मला त्या दिवशी, अल्लीपूरच्या एका माणसाकडून, ज्याला धड वाक्य पुरं करायला दम नव्हता. करुणा वरण कालवत होती. मी म्हैस फिरवून बाहेर आले आणि लिफ्टपाशी थोडं रडले.

तेव्हापासून खाटेवर काढलेल्या प्रत्येक चित्रावर मी कोपऱ्यात लिहिते: आडवा, श्वास अर्धा. किंवा: बसून, श्वास पुरा. नवे डॉक्टर हसतात. हल्ली नातेवाईक पडद्याचा फोटो काढून कुठल्याशा भावाला पाठवतात, आणि तो भाऊ तिकडून निकाल देतो. मी त्यांना अडवत नाही, पण कोपऱ्यातला मजकूर फोटोत येईल असं पाहते. काहींना तो खटकतो, ते विचारतात, अर्धा श्वास म्हणजे काय. मग मी सांगते. सांगताना अजूनही मला असं वाटतं, की आपल्याला या छातीच्या पेटीतल्या सावल्यांचं फार थोडं कळलंय.

काका सुटून घरी गेले. मार्गशीर्षात, कापसाची वेचणी जोरात होती तेव्हा, तपासणीसाठी परत आले. अंगानं उतरले होते, स्वेटर सैल झाला होता, पण बसस्टँडवरून चालत आले होते आणि करुणाला रागावून तिथेच बाकावर बसवून आले होते. मी त्यांना प्लेटसमोर उभं केलं, काचेमागे गेले, आणि म्हटलं, श्वास घ्या, धरा. बटण दाबलं. मग म्हटलं, सोडा.

त्यांनी सोडला नाही. खांदे वर, छाती फुगलेली, माणूस तसाच उभा. मी पुन्हा म्हटलं, मग जोरात म्हटलं, मग काचेमागून धावत बाहेर आले. "काका, सोडा ना. काय होऊन राह्यलं?"

त्यांनी एक बोट वर केलं, थांबा म्हणून. चेहरा लाल झाला होता. आणखी तीन-चार क्षण गेले. मग तो सगळा श्वास त्यांनी सावकाश, मोजून मोजून, बाहेर सोडला, आणि खोकला आला नाही म्हणून जरा वाट पाहिली.

"काई नाई ताई," ते म्हणाले. "किती वेळ धरता येते, ते पाहून राह्यलो होतो."

चित्र पडद्यावर केव्हाच येऊन बसलं होतं. ते आम्ही दोघांनीही नंतर पाहिलं.